मंडळीतल्या मुलीला पाळकसेवेत जायचं आहे, कमिटीने शिफारस द्यावी का?

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नागपुरातल्या सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, एका मंडळीत पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीवर, आहात. मंडळीतली २६ वर्षांची मुलगी, नर्सिंग झालेली, संडे स्कूल सांभाळणारी, आता बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी करून पाळकसेवेत जायचं म्हणते आणि त्यासाठी कमिटीचं शिफारसपत्र मागते. कमिटीत तिघेचौघे १ तीमथ्य २:१२, म्हणजे बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये हे पौलाचं वचन, उघडून बसले आहेत. दोघांचं म्हणणं, लग्न झालं की सगळं सोडेल आणि डायोसिसचा, म्हणजे बिशपांच्या प्रांताचा, पैसा वाया जाईल. एका वडीलधाऱ्यांनी भर बैठकीत विचारलं, ‘काहून जी, माणसं संपली का मंडळीतली?’ तुम्हाला विचारायचंय की मत कुणीकडे द्यावं, आणि या पायी मंडळी फुटणार तर नाही ना.

मी स्वतः दीक्षित प्रेस्बिटर, म्हणजे दीक्षा घेतलेली पाळक, आहे. विदर्भात शहरातल्या आणि खेड्यातल्या मंडळ्या सांभाळल्या, पुढे उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्यांतही बसले. माझं मत आधीच सांगते: मुलगी योग्य असेल तर शिफारस द्या, आणि नीट शब्दांत द्या. मात्र बाई पाळक होऊ शकते की नाही, हे तुमच्या कमिटीला ठरवायचंच नाहीये. सीएनआयने ते ठरवून टाकलेलं आहे. स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता आहे, कित्येक डायोसिसमध्ये स्त्री प्रेस्बिटर सेवेत आहेत, आणि २०२४ मध्ये ओडिशातल्या फुलबाणी डायोसिसला व्हायोलेट नायक या स्त्री बिशप मिळाल्या. दक्षिणेत सीएसआयने, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाने, त्याआधी, २०१३ मध्ये, नंद्याल डायोसिसच्या बिशप म्हणून ई. पुष्पा ललिता यांचा अभिषेक केला होता. तुमच्यापुढचा खरा प्रश्न पुढचा आहे: ही मुलगी उद्या दीक्षा घेऊन एखाद्या मंडळीत आली तर तिला नुसतं काम द्यायचं, की त्या कामाचा अधिकारही द्यायचा?

कारण काम तर बायकांना कधी नाकारलेलंच नाही. संडे स्कूल त्यांचं, आजाऱ्यांच्या भेटी त्यांच्या, उपवास-प्रार्थना आणि घरोघरच्या सभा त्यांच्या. हार्वेस्ट फेस्टिव्हलला पहाटेपासून सांबारवड्या तळून छताच्या दुरुस्तीचा पैसा महिला संघ उभा करतो, आणि ते छत कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचं हे ज्या बैठकीत ठरतं तिथे त्यांच्यातली एखादीच बसलेली असते. जुन्या मिशनच्या काळात बायबलबाया गावोगाव पायी फिरल्या. ज्या घरांत मिशनरी साहेबाला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं तिथे त्या चुलीपाशी बसून वचन सांगत. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांचा विश्वास त्या चुलीपाशी सुरू झाला. अडतं ते प्रभुभोजनाच्या मेजापाशी, हिशेबाच्या सहीपाशी आणि बदलीच्या यादीत.

एक खुलासा इथेच करते, कारण नागपुरात सगळ्या चर्चचे लोक एकमेकांचे सोयरे आहेत आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो. हे उत्तर सीएनआयपुरतं आहे. हीच मुलगी कॅथलिकांच्या एसएफएस कॅथेड्रलच्या पॅरिशमधली असती तर तिला पाळक होता आलं नसतं. स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये जाहीर केलं आणि कॅथलिक चर्चची ती भूमिका आजही कायम आहे. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लेक्टर (उपासनेत वचन वाचणारा) आणि अकोलाइट (वेदीपाशी मदत करणारा) ही पदं स्त्रियांना रीतसर खुली केली, २०२४ च्या सिनडने, म्हणजे चर्चच्या महासभेने, स्त्री डीकनचा (याजकपदाच्या खालची पायरी) प्रश्न खुला ठेवला. तिथली वाट त्या मार्गाने आहे. ब्रदरन असेंब्लीत बायकांनी डोक्यावर पदर घेऊन मौन राखण्याची शिस्त आहे. उलट मुक्तिफौजेत स्त्री अधिकारी सुरुवातीपासून उपदेश करतात, आणि मेथडिस्टांत स्त्री पाळक आहेत. तेव्हा तुमच्या कमिटीत कुणी ‘माझ्या मेव्हण्याच्या चर्चमध्ये असं चालत नाही’ म्हणालं तर ते खरंच असेल, पण तो तुमचा नियम नव्हे.

आता तीमथ्याचं पत्र. ज्यांनी ते वचन काढलं त्यांना हलक्यात घेऊ नका. वचनाला घाबरणारी माणसं मंडळीत असावीतच. मी त्यांना एवढंच म्हणते की मग सगळं वाचू या. त्याच अध्यायात, तीनच वचनं आधी, बायकांनी केस गुंफू नयेत, सोनं-मोती आणि भारी कपडे घालू नयेत असंही आहे. नाताळच्या उपासनेला गळ्यात सोनं घालून आलेल्या बाईला आपण दारातून परत पाठवत नाही. १ करिंथ १४:३४ मध्ये स्त्रियांना मंडळीत गप्प राहायला सांगणारा पौल त्याच पत्राच्या ११:५ मध्ये स्त्री प्रार्थना करते, संदेश देते हे गृहीत धरतो आणि फक्त मस्तक झाकण्याबद्दल बोलतो. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात तो किंख्रियाच्या फिबीची शिफारस करतो, आणि बहुतेक अभ्यासक मानतात की ते पत्र रोमला तिनेच नेलं. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला अपुल्लोला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावतात. विद्वान पुरुषाला शिकवणाऱ्या त्या दोघांत बाईचं नाव आधी येतं. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत होत्या. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला प्रभूने मग्दालीया मरीयेला पाठवलं. हे सगळं एकत्र धरलं की माझ्या वाचनाप्रमाणे पौल तीमथ्याला एका ठिकाणच्या एका गोंधळावर उपाय सांगतो आहे. प्रामाणिक माणसं याहून वेगळं वाचतात हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा अभ्यास शिफारसीच्या बैठकीत करू नये. वेगळी संध्याकाळ ठरवा, सगळ्या मंडळीला बोलवा, तुमच्या पाळकसाहेबांना घ्यायला सांगा. मुलीचा अर्ज टेबलावर असताना वचनांची चर्चा झाली की ती वचनांची राहत नाही, त्या मुलीची होते.

‘आपली परंपरा नाही’ असंही कुणी म्हणेल. नागपुरात परंपरा म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकतर स्टीफन हिस्लॉप यांचं स्कॉटिश मिशन असतं, नाहीतर अँग्लिकन चर्च. हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून. त्या प्रवाहाचा मोठा भाग १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळाला, आणि त्या चर्चने १९६६ मध्ये स्त्री एल्डर, १९६८ मध्ये स्त्री पाळक मान्य केल्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांची याजकपदाची दीक्षा १९९४ पासून आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन सीएनआय झालं. या सहांतल्या कोणत्या परंपरेच्या आधारावर आपण अडून बसलोय, हे त्या वडीलधाऱ्यांना आदराने विचारून पाहा.

आणि आपल्या मराठी मंडळीच्या परंपरेत पंडिता रमाबाई आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या चेल्टनहॅमला होत्या. तिथे त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. अशाने भारतात परतल्यावर त्यांचं वजन राहणार नाही, असा त्या हरकतीचा सूर होता. पुढे याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, १९२४ मध्ये ते छापून पूर्ण झालं. हरकतीचं कारण तेव्हाही वचन नव्हतं, ‘लोक काय म्हणतील’ हेच होतं. तुमच्या बैठकीतली भाषा ऐकली की मला ते आठवतं.

मेजाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गाठ तिथेच पडते. उपदेश बाईने केला तर मंडळी ऐकते. भाकर आणि प्याला तिच्या हातून घ्यायची वेळ आली की काहींचे पाय अडखळतात.

माझ्या एका मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. उपासनेला वेळेआधी यायचे, मागच्या बाकावर बसून उपदेश वहीत उतरवून घ्यायचे, आणि प्रभुभोजनाची प्रार्थना सुरू झाली की चष्मा डबीत ठेवून शांतपणे बाहेर निघून जायचे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या आणखी काही घरांसाठी महिन्यातून एकदा शेजारच्या मंडळीतून पुरुष पाळक बोलवावेत, अशी सूचना कमिटीत आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मी ती मान्य केली नाही. एकदा ती सोय झाली की बाईची दीक्षा अर्धी ठरते, आणि तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येकीला त्याच अर्ध्या दीक्षेवर उभं राहावं लागतं. मी त्या गृहस्थांच्या घरी गेले आणि सांगितलं की काका, तुमच्या विवेकबुद्धीला मी हात लावणार नाही, तुम्ही बाहेर जाता म्हणून तुम्हाला कुणी टोचून बोलणार नाही हेही मी बघेन, पण मेजापाशी माझ्या जागी दुसरं कुणी उभं राहणार नाही. माझी बदली होईपर्यंत ते बाहेरच जात राहिले. त्यांच्या सुना आणि नातवंडं मात्र रांगेत येत. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हा दफनविधी मीच केला, आणि कबरीपाशी प्रार्थनेनंतरचा ‘आमेन’ त्यांचा सगळ्यांत मोठ्याने होता. मतभेद मिटला नाही, आणि मंडळी त्यासकट चालली. नियम स्पष्ट असेल आणि माणसाचा मान राखला असेल तर मंडळी वर्षानुवर्षं असा मतभेद पोटात घेऊन चालू शकते, हे मी पाहिलंय.

मेजाशी जोडलेली दुसरी गोष्ट कुणी बैठकीत बोलत नाही, बाहेर चपला घालताना बोलतं. महिन्याच्या ‘त्या’ दिवसांत ती वेदीपाशी कशी उभी राहणार? माझ्यापुढे हा प्रश्न बायकांनीच जास्त आणला. त्यांनी माहेरी-शेजारी हेच पाहिलेलं असतं, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. विटाळाचा नियम लेवीय १५ मध्ये आहे, हे खरं. पण मार्क ५ मध्ये १२ वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवते, तेव्हा तो तिला दूर हो म्हणत नाही, मुली म्हणतो, आणि सगळ्यांसमोर तिला उभी करतो. प्रभू स्वतः जिच्या स्पर्शाने विटाळला नाही, तिच्या हातची भाकर विटाळेल कशी? हा उतारा महिला संघाच्या सभेत बायकांबरोबर वाचा. संघाच्या अध्यक्षीणबाईंनी हे एकदा उघडपणे बोललं की चपलांपाशीची कुजबुज थांबते.

आता शिफारसपत्राचे शब्द. हे मी तुम्हाला आग्रहाने सांगते, कारण इथे चांगल्या चांगल्या मुली अडकल्या आहेत. पत्रात ‘ख्रिस्ती शिक्षणासाठी’ किंवा ‘प्रभूच्या सेवेसाठी’ असं मोघम लिहिलं जातं. मुलगी बी.डी. होऊन येते, आणि तिला होस्टेलची वॉर्डन, शाळेत धर्मशिक्षण किंवा डायोसिसच्या महिला विभागाचं काम मिळतं. ही कामं मोलाची आहेत, पण तिच्याबरोबर शिकलेला मुलगा एव्हाना डीकन होऊन मंडळी सांभाळत असतो. तिने विचारलं तर उत्तर तयार असतं की तुमच्या पत्रात दीक्षेचा उल्लेख नाही. म्हणून स्वच्छ लिहा: ‘प्रेस्बिटरपदाच्या दीक्षेसाठी उमेदवार म्हणून ही कमिटी शिफारस करते.’ ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाका, एक प्रत मुलीला द्या. पुढचा क्रम साधारण असा असतो: डायोसिसच्या समितीपुढे मुलाखत, धर्मशास्त्र महाविद्यालय, मग काही काळ देखरेखीखाली सेवा, मग डीकन, मग प्रेस्बिटर. तपशील डायोसिसप्रमाणे बदलतो, म्हणून कार्यालयातून नियम लेखी घ्या. कॉलेज कुठलं हेही बोला. जबलपूरचं लेनर्ड जवळ आहे. पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पर्यंत यवतमाळला होतं, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लोकांना ते माहेरासारखं वाटतं.

मुलगी योग्य आहे का, हे कसं पाहायचं? मुलग्याचं जसं पाहाल तसंच. ती रविवारी जशी असते तशी बुधवारी असते का? संडे स्कूलच्या वर्गणीचा हिशेब वेळेवर देते का? तिच्या कामावर कुणी टीका केली तर पुढच्या आठवड्यात ती येते का? नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्ही उपासनांत तिला उभं राहता आलं पाहिजे. ती नर्स आहे, म्हणजे रात्रपाळी, नातेवाइकांचा आक्रोश आणि मरणारा माणूस तिने पाहिलेला आहे. पाळकाच्या कामात याहून उपयोगी पूर्वतयारी मला माहीत नाही. पण त्याच कारणाने तिला पगाराचं खरं सांगा. नर्सच्या नोकरीपेक्षा हातात कमी येईल आणि पाळकनिवास बदलीबरोबर बदलत राहील. हे ऐकूनही ती ठाम असेल तर तिच्या आईवडिलांना भेटा. घरचा विरोध मोडून येणारी मुलगी येऊ नये असं मी म्हणत नाही, पण तिच्या पाठीशी कोण उभं राहणार ते कमिटीला माहीत हवं.

लग्नाचा प्रश्न तिला विचारायचा असेल तर गेल्या वेळच्या मुलग्याला विचारला होता का, ते आधी आठवा. नसेल विचारला तर तिलाही विचारू नका. लग्नानंतर सेवा सोडलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींनी सोडली ती दरवेळी नवऱ्याच्या नोकरीपासून लांब बदली झाल्यामुळे, किंवा बाळंतपणाच्या रजेबद्दल कुणीच लेखी काही न दिल्यामुळे. बदलीचं धोरण आणि रजेचा नियम काय, हे तुमची कमिटीच डायोसिसला पत्र लिहून विचारू शकते. पैसा वाया जाऊ नये असं ज्या दोघांना वाटतं, त्यांनाच ते पत्र लिहायला द्या.

सुरक्षिततेबद्दल आपल्याकडे बोलायला लोक लाजतात. रात्री मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तर पाळकाला जावंच लागतं. पाळकबाईबरोबर कोण जाईल याची यादी मंडळीने करून ठेवावी. समुपदेशन बंद दाराआड एकटीने करू नये, हा नियम पुरुष पाळकांनाही असावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. डायोसिसमध्ये ती कोणाची आहे, हे मुलीला जाण्याआधीच सांगा. नागपुरात एनसीसीआयचं, म्हणजे नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं, मुख्यालय आहे आणि त्यांचं ऑल इंडिया कौन्सिल ऑफ ख्रिश्चन विमेनही आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाला सगळ्या चर्चच्या बायका जमतात, तिथे तिला घेऊन जा. सेवेत असलेल्या एकदोन स्त्री पाळकांशी तिची गाठ पडली तर मी इथे लिहिलंय त्याहून जास्त ती त्यांच्याकडून शिकेल.

राहिला प्रश्न मंडळी फुटण्याचा. एखाददुसरं घर दुसऱ्या चर्चमध्ये जाईलही, तसं होणारच नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण मी पाहिलेल्या फुटींच्या मुळाशी मालमत्ता, हिशेब आणि निवडणुका होत्या. तुम्ही पहिल्याच बैठकीत मत मागू नका. वचनाचा अभ्यास होऊ दे, मुलीला कमिटीपुढे तिचं पाचारण सांगू दे, त्यानंतरच्या बैठकीत मतदान घ्या. ठराव हरला तर कारणं इतिवृत्तात नोंदवायला लावा, नुसतं ‘नामंजूर’ लिहू देऊ नका. ती स्त्री आहे हे कारण असेल तर तसंच लिहिलं जाऊ दे, म्हणजे डायोसिसला आपल्याच चर्चच्या नियमाशी ते ताडून बघता येईल आणि तिला बिशपसाहेबांकडे अर्ज करता येईल. आणि निकाल काहीही लागो, तो तिला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कळता कामा नये. त्याच रात्री तुम्ही आणि महिला संघाच्या अध्यक्षीणबाई, दोघं तिच्या घरी जा.